रत्नम्माच्या नावाच्या विड्या

आमच्या विडी कंपनीच्या शाखेत रोज दोन-अडीचशे बायका वळलेल्या विड्या घेऊन येतात. चेहऱ्यावरून सगळ्यांची नावं मला सांगता येणार नाहीत, पण विड्या समोर ठेवल्या तर बहुतेकींची सांगता येतील. हे ऐकून लोक हसतात. तेंदूच्या पानात चिमूटभर तंबाखू गुंडाळून दोरा बांधलेली बोटभर वस्तू, तिच्यात ओळखायचं काय, असं त्यांना वाटतं. पण पान कापताना कोणाची कात्री जरा डावीकडे ओढते, कोणी दोऱ्याचे दोन वेढे देते तर कोणी तीन, आणि विडीचं तोंड मुडपताना कोणाचं नख पानावर उमटून राहतं. एकतीस वर्षं खिडकीमागे बसून विड्या तपासल्या की ते हस्ताक्षरासारखं ओळखू येतं.

रत्नम्माचं वळण सगळ्यांत देखणं. पंचवीस विड्यांची तिची जुडी टेबलावर उभी केली तर एकीचंही डोकं वर आलेलं दिसायचं नाही. मी स्वतः नीटनेटकेपणाचा भोक्ता. माझ्या टेबलावर पेन्सिली लांबीप्रमाणे लावलेल्या असतात आणि त्यावरून खिडकीपलीकडून रोज काही ना काही बोललं जातं. त्यात रत्नम्माचा आवाज सगळ्यांत वर.

"सायब, आज पिवळी पेन्सिल लाइनीत न्हाय की. घरी भांडून आलाव का?"

मी वर बघितलं नाही तर पुढचा टोमणा तयार असे. "बघा, बघा. वैनीनं लई फटकावलंय वाटतं."

तिची माझी ओळखच भांडणातून झाली. बी.कॉम. होऊन मी या शाखेत लागलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. पहिल्याच महिन्यात मी तिची एक जुडी बाद केली, कारण विड्या मापापेक्षा दोन मिलिमीटर जास्त भरत होत्या. बाद झालेली जुडी बायका कुरकुरत उचलतात आणि जातात. रत्नम्माने खिडकीतून हात आत घातला, माझी लाकडी फुटपट्टी उचलली आणि डोळ्यांजवळ धरली.

"ही कुणाची?"

"कंपनीची."

"मग कंपनीला सांगा, पट्टी म्हातारी झाली. हिचं टोक बघा, उंदरानं खाल्ल्यागत झालंय. माझी विडी लांब न्हाय, तुमची पट्टी तोकडी."

मी बघितलं. शून्याकडचं टोक खरंच झिजलं होतं. रांगेतल्या साठ बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी मी स्टीलची पट्टी आणली. तेव्हापासून रत्नम्माच्या विड्या मी मापून बघितल्या नाहीत. तरी महिन्यातून एकदा ती मुद्दाम विचारायची, "पट्टी कशी हाय? तब्येत बरी हाय ना तिची?"

तिच्या सासऱ्यांचे वडील तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले. नवरा पूर्व भागातल्या एका यंत्रमागावर होता. तो दम्याने गेला तेव्हा मुलगा आठवीत होता. रत्नम्माने विड्या वळून मुलाला वाढवलं. तो पुढे भिवंडीला मागावर लागला, तिथेच त्याने संसार थाटला. विडी कामगारांसाठी बांधलेल्या विडी घरकुल वसाहतीतल्या एका खोलीच्या घरात रत्नम्मा एकटी राहायची, पण ती एकटी आहे असं तिच्या दारात उभं राहिलं की वाटायचं नाही. डावीकडे चंद्रव्वा, अक्कलकोटकडची, उजवीकडे सबिहा. तिघी दुपारी एकाच सावलीत सुपं मांडीवर घेऊन बसायच्या. रत्नम्मा मुलाशी फोनवर तेलुगूत बोलायची, सबिहाशी दखनीत, चंद्रव्वाशी भांडताना कन्नडमध्ये आणि माझी टिंगल करताना मराठीत. हातांकडे ती कधी बघत नसे. बोटं आपली आपण पान गुंडाळत, दोरा फिरवत. तिला विचारलं तर म्हणायची, "त्यास्नी काम ठाव हाय. मी कशाला मधी पडू?"

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. पारा बेचाळिसावर होता. गुरुवारी ती खिडकीशी आली तेव्हा डाव्या हाताच्या तर्जनीला दोरा गुंडाळलेला होता आणि दोऱ्याखाली तपकिरी पूड दिसत होती.

"लागलं का?" मी विचारलं.

"कात्रीनं मुका घेतला, सायब. ह्या वयात."

मागे उभी असलेली सबिहा तोंडावर पदर घेऊन हसली. मीही हसलो आणि पुढच्या बाईची टोपली ओढली.

ही आमच्याकडची रीतच आहे. पान कापताना कात्री लागली की सुपातली चिमूटभर तंबाखू जखमेवर दाबायची, वर विडीचाच दोरा बांधायचा आणि पुढचं पान उचलायचं. रक्त थांबतं, काम थांबत नाही. अशी बोटं मी हजारांनी पाहिली असतील. शाखेत औषधांची एक पेटी आहे. मलम, कापूस, चिकटपट्टी, सगळं यादीप्रमाणे. एकतीस वर्षांत तिच्यातलं काही मागायला कोणी आलं नव्हतं आणि यादी कायम पूर्ण असते, याचंच मला समाधान होतं.

शनिवारी तिचे डोळे लाल होते. "ऊन लई हाय," एवढंच म्हणाली आणि पानं घेऊन गेली. रविवारी सुट्टी.

सोमवारी तिच्या विड्या घेऊन सबिहा आली.

"रत्नम्माक्काचं काम, सायेब. तिचा गुडघा धरलाय. मी घेऊन आले."

यात काही वावगं नव्हतं. एकीच्या विड्या दुसरी आणून देते. मी पहिली जुडी उचलली, मग दुसरी. पाच जुड्या बघून झाल्यावर मी चष्मा काढून पुसला. या विड्या रत्नम्माच्या नव्हत्या. दोन वेढ्यांचा घट्ट दोरा सबिहाचा होता. नखाची कोर चंद्रव्वाची. तिसरा हात कोणा शिकाऊ बाईचा असावा, तिने तंबाखू इतकी सैल भरली होती की विडी उभी धरली तर गळत होती. तो सबिहाच्या सुनेचा, हे मला नंतर कळलं.

"या कोणी वळल्या?"

"तिनंच की." सबिहा माझ्याकडे न बघता पेन्सिलींकडे बघत होती.

नियम असा की ज्याच्या नावावर विडी, त्याच्याच हातची ती असायला हवी. पण खरं सांगायचं तर मला राग आला तो नियमामुळे नाही. रत्नम्माच्या नावावर ही वाकडी जुडी जावी, हे मला सहन झालं नाही. स्वतः न वळता दुसऱ्यांकडून करून घेते आणि वर गुडघ्याचं निमित्त, असं माझ्या मनाने घेतलं. मी त्यातली सगळ्यांत वाईट जुडी पिशवीत टाकली आणि दुपारच्या सुट्टीत स्कूटर काढून घरकुलात गेलो. रस्ताभर मी तिला काय बोलायचं ते मनात जुळवत होतो.

दार उघडंच होतं. रत्नम्मा भिंतीला टेकून बसली होती. त्या उकाड्यात तिच्या अंगावर चादर होती. चंद्रव्वा शेजारी बसून तिच्या तळव्यांना कांद्याचा रस चोळत होती. मला बघून ती गडबडीने उठली.

"या की सायब. अवो, तिला ऊन बाधलं. काल रात्री अंग नुसतं भाजत होतं. आता उतरलाय ताप. सकाळपास्नं गार हाय."

मी पिशवीतून जुडी काढली आणि रत्नम्मासमोर धरली.

"रत्नम्मा, ही तुमची विडी आहे का?"

तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, पण ओळख पटायला वेळ लागतोय असं वाटलं. मग हळूच म्हणाली, "व्हय साहेब. बसा हो. च्या घ्या."

एकतीस वर्षांत ती माझ्याशी इतक्या अदबीने एकदाही बोलली नव्हती. आणि त्या वाकड्यातिकड्या, गळक्या विड्यांकडे बघून ‘व्हय’ म्हणाली! शुद्धीवरची रत्नम्मा ती जुडी माझ्या अंगावर फेकून म्हणाली असती, ‘असला कचरा माझ्या नावावर? डोळे कुठं गेले?’

मी खाली बसलो. तिचा श्वास जिना चढून आल्यासारखा भरभर चालला होता. मनगटाला हात लावला तर माठासारखं गार, वर घामाची ओल. नखं निळसर. डावा हात चादरीखाली होता, तो मी बाहेर काढला तशी ती ओरडली. हात मनगटापर्यंत सुजून तकतकीत झाला होता. जखम मात्र एवढीशी, तंबाखूच्या खपलीखाली सुकल्यासारखी दिसणारी. मानेवर आणि छातीवर उन्हात पोळल्यासारखी लाली होती, आणि ती तर दोन दिवस घराबाहेर पडली नव्हती.

"पाणी पिते का?" मी विचारलं.

"पाजतीया की तांब्या तांब्या," चंद्रव्वा म्हणाली. "पण सकाळपास्नं एकदाबी उठली न्हाय बाहेर जायला." एवढं बोलून ती पुरुषासमोर बोलल्यामुळे ओशाळली.

तोवर सबिहा आली होती. पिशवीतली जुडी माझ्या हातात बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"सायेब, शिक्षा करायची तर मला करा. तिला कायबी म्हाईत न्हाय. तिचे हजेरीचे दिवस भरत आलेत, या वर्षी खाडा पडला तर सुट्टीचा हक्क जातो तिचा. म्हणून आमी मिळून वळल्या."

"ते राहू द्या. हिला दवाखान्यात न्यायचंय. आत्ता."

"तिच्या मुलाला फोन केलाय. उद्या सकाळी येतोय भिवंडीनं. तो आला की दाखवू. ताप तर उतरला..."

"अन् खाडा?" चंद्रव्वाने विचारलं.

"खाड्याचं मी बघतो."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "तुमी?" चंद्रव्वा म्हणाली. "तुमी खाडा सोडताव?"

तिचा अविश्वास रास्त होता. रत्नम्माला काय झालंय ते मलाही कळत नव्हतं. मी डॉक्टर नाही, आणि ताप उतरलेल्या माणसाला कडक उन्हात घराबाहेर काढणं शहाणपणाचं की नाही, हेही ठाऊक नव्हतं. मला एकच कळत होतं, की ही बाई मला टोमणा मारत नाहीये.

सबिहाचा नवरा मकदूम रिक्षा चालवतो. तो जेवायला घरी आला होता. भाकरीचा घास तसाच ठेवून तो उठला. अंगावरच्या चादरीचीच आम्ही चौघांनी चार टोकं धरली आणि रत्नम्माला रिक्षात ठेवलं. वाटेत ती तेलुगूत कोणाशी तरी बोलत होती. चंद्रव्वा म्हणाली, नवऱ्याशी बोलतीया, माग बंद कर म्हणतीया.

दवाखान्यात फरहान नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याने तिच्या बोटाचं नख दाबून सोडलं आणि पांढरं पडलेलं नख पुन्हा लाल व्हायची वाट बघितली. ते लाल व्हायला फार वेळ लागला. रक्तदाबाचा पट्टा त्याने दोनदा लावला.

"ताप कधी उतरला?" त्याने विचारलं.

"सकाळी," चंद्रव्वा म्हणाली. "बरंच झालं की न्हाय?"

त्याने नर्सला हाक मारली, आणि पुढच्या पाच मिनिटांत रत्नम्माच्या भोवती इतकी माणसं जमली की आम्हाला तिची फक्त पावलं दिसत होती. दोन्ही हातांना सलाइनच्या सुया लागल्या. संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. डावा हात उघडून आतला सडलेला भाग काढला. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाला, "दोन दिवस काहीच सांगता येणार नाही. जगल्या तर हात वाचवायचं बघू."

मंगळवारी मुलगा आला. मीही रजा टाकून गेलो. शाखेत कोणी विश्वास ठेवला नाही. माझ्या हजेरीत कित्येक वर्षांतली ती पहिलीच रजा होती. दुपारी डॉक्टर व्हरांड्यात चहा घेत उभा होता. मी त्याला विचारलं, एवढ्याशा जखमेतून एवढं कसं झालं?

"जखमेत शिरलेले जंतू फार नव्हतेच," तो म्हणाला. "पण या जातीचे जंतू एक विष सोडतात. ते रक्तात गेलं की खरा घोटाळा सुरू होतो. आपल्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात ना, त्यांतल्या प्रत्येकीला ठरावीक शत्रूच ओळखता येतो. एखादा जंतू आला की त्याला ओळखणाऱ्या तेवढ्याच उठतात, हजारो पेशींत एखादी. बाकीच्या झोपलेल्या राहतात. हे विष ओळखपाळख बघतच नाही. ते पाचांतल्या एकीला उठवू शकतं."

"एकदम?"

"एकदम. आणि उठलेली प्रत्येक जण आणखी हाका मारत सुटते. अंगभर दाह. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपून बाहेर जातं, रक्तदाब कोसळतो. मूत्रपिंडाला, मेंदूला रक्त पोचत नाही. बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, बोटांची टोकं काळी पडतात. यातलं बरंचसं जंतू करत नाहीत, शरीर स्वतःच करतं, त्यांच्यावर चिडून."

मला जुन्या गिरण्यांचे दिवस आठवले. आमच्या लहानपणी गिरणीचा भोंगा झाला की त्या त्या पाळीचे कामगार निघायचे, बाकीचे झोपून राहायचे. कोणी वेड्याने सगळ्या गिरण्यांचे भोंगे एकाच वेळी लावले आणि सांगितलं की आग लागली, कुठे ते विचारू नका, तर सगळं शहर रस्त्यावर येईल. जो तो दिसेल त्या दारावर घाव घालील, दिसेल तिथे पाणी ओतेल. आग असेल मूठभर कापसाची. सकाळी बघावं तर आगीने जळालं त्याहून जास्त माल विझवणाऱ्यांनी भिजवलेला आणि तुडवलेला. मी हे डॉक्टरला सांगितलं. तो तरुण आहे, त्याने गिरणीचा भोंगा ऐकलेला नाही, पण तो म्हणाला, "बरोबर आहे. म्हणून आम्ही दोन औषधं देतोय. एक जंतू मारायला. पण नुसतं मारून भागत नाही, मरेपर्यंत ते विष बनवतच राहतात. म्हणून दुसरं, विष बनवणं बंद करायला. म्हणजे भोंगा बंद."

"आणि तो ताप? उतरला होता ना?"

"तो उतरला नव्हता, काका. ताप आणायचंही बळ राहिलं नव्हतं अंगात. अंग गार पडलं, श्वास वाढला, लघवी थांबली, माणूस भलतंच बोलायला लागलं, तेव्हा ऊन बाधलं म्हणून बसून राहायचं नाही. तुम्ही रात्रीपर्यंत थांबला असतात तर मी तुमच्याशी इतकं बोलत उभा नसतो."

चंद्रव्वा भिंतीशी बसून ऐकत होती. तिला किती कळलं कोण जाणे. ती एकाएकी म्हणाली, "तंबाखू मीच दाबली, डाक्टर. ती म्हणत होती राहू दे, धुते. मी म्हटलं, तुला कुटं राजवाड्यात जायचंय, अन् दाबली."

डॉक्टर तिच्याशेजारी जमिनीवर बसला. "अव्वा, जंतू तंबाखूतून आला, कात्रीवरून आला की कोणाच्या खोकल्यातून, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही मारायला नाही दाबली. पण पुढच्या वेळी साबण आणि पाणी. तंबाखू नाही. ती स्वच्छ नसते आणि तिच्या खपलीखाली काय चाललंय ते दिसतही नाही. इतकंच."

"पुढच्या वेळी..." चंद्रव्वा म्हणाली आणि रडायला लागली.

त्या रात्रीची मला काही माहिती नाही. डॉक्टरने आम्हाला घरी घालवलं होतं. बुधवारी सकाळी मी शाखेत आधी नियमांचं पुस्तक काढलं. आजारपणाचा दाखला असेल तर ते दिवस हजेरीत धरता येतात, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. एकतीस वर्षं ते पुस्तक माझ्या कपाटात होतं, खाकी कव्हर घातलेलं. बायकांना ते कोणी वाचून दाखवलं नव्हतं. वाचून दाखवायचं कोणी, तर मीच. सबिहा आणि चंद्रव्वाने रविवारी दिवसभर बसून वळलेल्या त्या विड्यांची गरजच नव्हती. खाड्याची भीती नसती तर त्या रविवारीच तिला दवाखान्यात घेऊन गेल्या असत्या. मी खिडकी उघडली आणि रांगेला तो नियम मोठ्याने वाचून दाखवला. मागून एक बाई म्हणाली, "हे आता सांगताव?"

बुधवारी संध्याकाळी रक्तदाब टिकवायचं औषध निम्म्यावर आणलं. गुरुवारी लघवी सुरू झाली, तर मकदूमने दवाखान्यासमोरच्या टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. असल्या गोष्टीसाठी चहा वाटलेला मी पहिल्यांदाच पाहिला. शुक्रवारी श्वासासाठी घशात घातलेली नळी काढली आणि आम्हाला एकेकाला आत सोडलं.

ती पार बारीक झाली होती. ओठ सुकलेले. तिने माझ्याकडे मान वळवली. मी मनात म्हटलं, आता जर ती ‘बसा हो साहेब’ म्हणाली तर मला सोसायचं नाही.

"सबी म्हणाली," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुमी चोर धरायला आलता."

मी तिच्या खाटेजवळ सरकलो.

"मग? गावला का चोर?"

"तीन सापडले," मी म्हटलं.

"तिघीबी लई वाईट वळत्यात." तिने डोळे मिटले. "तिसरी कोण हो? तंबाखू भरलीया की भुसा?"

"सबिहाची सून."

"पाठवा तिला माझ्याकडं."

जीव वाचला, आता प्रश्न हाताचा होता. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींची टोकं काळी पडली होती आणि पुढच्या आठवड्यात ती काढावी लागली. हे तिला आधी सांगितलं होतं, पण पट्टी होती तोवर कोणालाच दिसलं नव्हतं. विडीचं तोंड मुडपतात ते याच दोन बोटांनी. मुलगा म्हणत होता, "अम्मा, भिवंडीला चल. आता काय राहिलंय इथं?" ती पट्टी सुटायची वाट बघत होती.

पट्टी सुटली त्या दुपारी आम्ही सगळे होतो. चंद्रव्वा घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आली होती. डॉक्टर फरहानने शेवटचा वेढा काढला आणि तो बाजूला झाला. सबिहाने तोंड फिरवलं. मुलगा खिडकीतून बाहेर बघायला लागला. रत्नम्माने हात डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला. आयुष्यात पहिल्यांदाच ती आपल्या बोटांकडे इतकं निरखून बघत असावी. अंगठा तिने आधी करंगळीला लावला, मग अनामिकेला. मग त्या दोन आखूड बोटांना. तिथे तो पोचला, पण दुखलं, हे तिच्या कपाळावर दिसलं.

"भाकर दे," ती म्हणाली.

चंद्रव्वाने भाकरीचा तुकडा मोडून पुढे केला.

"मोडलेली नको. अख्खी."

आमच्याकडची कडक भाकरी म्हणजे पापडासारखी वाळलेली ज्वारीची चकती. ती मोडायला दोन्ही हातांत जोर लागतो. रत्नम्माने ती मांडीवर घेतली, उजव्या हाताने एक कड धरली, डाव्या हाताची तीन बोटं आणि ती दोन आखूड टोकं दुसऱ्या कडेवर ठेवली आणि दाबलं. भाकरी निसटून चादरीवर पडली. मुलगा पुढे सरकला तसं डॉक्टरने त्याला खांद्याला धरून थांबवलं. तिने भाकरी पुन्हा उचलली. या वेळी डावा हात तिने जरा वळवून तळव्याची कड लावली.

कट्‌ असा आवाज झाला. भाकरीचे दोन तुकडे झाले, एक मोठा आणि एक लहान, वेडावाकडा.

तिने मोठा चंद्रव्वाला दिला. चंद्रव्वा पदरात तोंड लपवून रडत होती, तिने तो न बघताच घेतला. लहान तुकडा रत्नम्माने माझ्यापुढे धरला.

"घ्या सायब. सरळ न्हाय मोडली. चालंल ना?"

"चालेल," मी म्हटलं.

"कधीपास्नं?" ती म्हणाली आणि मुलाकडे वळली. "तू जा भिवंडीला, बिड्डा. पोरं एकटी हायती. मी हितंच ऱ्हाते. सबीच्या सुनंला तंबाखू भरायला शिकवायचीय."